गादीचा टाका आणि पापणीची घडी

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती. कॉलेजात आहे, पण अभ्यासापेक्षा कोरियन मालिका जास्त पाहते. जेवताना मध्येच म्हणाली, "मावशी, कोरियात मुली बारावी झाली की डबल पापणी करून घेतात म्हणे. म्हणजे आहे त्या पापणीवर दुसरी शिवतात का गं?" तिची आई हसायला लागली. मला हसू आलं नाही. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि हा प्रश्न मी वर्गातही ऐकला आहे. त्याचा जुळा भाऊ तर हमखास यायचा: "मॅडम, त्या लोकांच्या डोळ्यांत एखादा स्नायू कमी असतो ना?"

कमी काही नसतं. पापणीही एकच असते. कोरियन भाषेत या प्रकाराला 'सांगकपुल' म्हणतात. सांग म्हणजे जोडी, कपुल म्हणजे पदर किंवा साल. डोळा उघडल्यावर वरच्या पापणीच्या कातडीला एक आडवी घडी पडते आणि तिच्यामुळे एका पापणीचे दोन पदर दिसतात, एवढाच त्या 'डबल'चा अर्थ. तुमच्याआमच्यातल्या बहुतेकांना ही घडी जन्मजात असते. पूर्व आशियात साधारण निम्म्या लोकांना असते, निम्म्यांना नसते.

ती पडते कशी, हे मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे. आधी आरशासमोर उभे राहा. डोळा अलगद मिटा आणि दुसऱ्या डोळ्याने मिटलेल्या पापणीकडे पाहा. घडी जवळजवळ नाहीशी झालेली असेल, फार तर एक पुसट रेघ उरली असेल. आता हळूहळू डोळा उघडा. त्याच रेघेवर कातडी आत ओढली जाते आणि वरची कातडी तिच्यावर ओघळते. म्हणजे घडी ही पापणीवर कायम असणारी वस्तू नाही. डोळा उघडताना ती दर वेळी नव्याने घडते.

पापणी उचलणारा स्नायू पापणीत नसतोच, तो सुरू होतो डोळ्याच्या खोबणीच्या पार मागच्या टोकाला. त्याचं नाव लिव्हेटर. डोळ्याच्या गोळ्याच्या वरच्या अंगाने तो खोबणीच्या छताला लागून पुढे येतो. सुमारे चार सेंटिमीटर मांसल भाग संपला की तो एका आडव्या पट्ट्याखालून निघतो आणि तिथे त्याची दिशा बदलते. मागून पुढे येणारी ओढ खालून वर जाणारी होते. रहाटावरून दोर वळतो ना, तसं. तिथून पुढे तो मांसल राहत नाही, पातळ पांढऱ्या कापडासारखा होतो. याला ॲपोन्यूरोसिस म्हणतात. हे कापड खाली उतरून पापणीच्या आतल्या ताठ पट्टीला चिकटतं. ही पट्टी म्हणजे टार्सस, पापणीचा कणाच म्हणा ना. पण काही बारीक तंतू तिथे थांबत नाहीत. ते पुढच्या बाजूला वळतात, डोळा मिटणाऱ्या स्नायूच्या धाग्यांमधून वाट काढतात आणि थेट कातडीच्या आतल्या अंगाला जाऊन चिकटतात.

इथे मी वर्गात नेहमी गादी आणायची. खरीखुरी नाही, फळ्यावर काढलेली. गादीवाला कापूस भरून झाला की दाभणाने आरपार दोरा घालतो आणि खेचतो. जिथे टाका पडतो तिथे खळगा होतो, आजूबाजूला गादी फुगलेली राहते. पापणीतले ते तंतू म्हणजे हे टाके. लिव्हेटर मागून ओढतो, टाक्याच्या जागी कातडी आत जाते, वरची फुगीर कातडी खळग्यावर येऊन पडते. झाली घडी.

मग घडी नसलेल्या पापणीत काय वेगळं असतं? उत्तर कापसात आहे. खोबणीच्या वरच्या कडेपासून एक पातळ पडदा खाली येतो आणि वर सांगितलेल्या ॲपोन्यूरोसिसला मिळतो. पडदा आणि ॲपोन्यूरोसिस यांच्यामध्ये चरबीची छोटी पिशवी असते. ज्यांना घडी आहे त्यांच्यात हा पडदा टार्ससच्या वरच्या कडेच्याही काही मिलिमीटर वर मिळून जातो, त्यामुळे चरबी वरच अडते. ज्यांना घडी नाही त्यांच्यात तो आणखी खाली, टार्ससच्या समोर येऊन मिळतो आणि चरबीही त्याच्याबरोबर खाली उतरते. कापूस टाक्याच्या जागेवरच येऊन बसला. आता ॲपोन्यूरोसिसचे तंतू कातडीपर्यंत पोचायला मोकळी जागाच नाही, किंवा पोचले तरी ते पापणीच्या केसांच्या अगदी जवळ. स्नायू तोच, डोळा तसाच उघडतो, फक्त खळगा पडत नाही. (तंतू महत्त्वाचे की पडद्याची जागा, यावर शरीररचनावाले अजून भांडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू सगळ्यांना सारखे सापडत नाहीत. माझं मत दोन्ही, पण ते इथे बाजूला ठेवू.)

गादीचं चित्र डोळ्यांसमोर असलं की शस्त्रक्रिया दोन ओळींत समजते. एक पद्धत टाक्याची. सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडून नायलॉनचा केसासारखा बारीक धागा आत घालतात, कातडी मागच्या टार्ससला किंवा लिव्हेटरला बांधतात आणि गाठ आत पुरून टाकतात. कोरियन लोक तिला 'मेमोल' म्हणजे 'पुरणं' असंच म्हणतात. दुसरी पद्धत 'जोलगे', म्हणजे कापण्याची: रेघेवर छेद घ्यायचा, मधला मांसाचा आणि लागली तर चरबीचा पट्टा काढायचा आणि कातडी आतल्या भागाशी शिवून टाकायची.

पण केलेली घडी टिकते कशामुळे? पहिल्या पद्धतीत धागा आत राहतो, तरी नुसत्या धाग्यावर भरवसा ठेवता येत नाही. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, म्हणजे वर्षाला पन्नास लाखांहून जास्त. पापणीची कातडी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. धागा ऊतींमधून हळूहळू सरकत सुटू शकतो आणि मग काही वर्षांनी एखाद्या सकाळी घडी गायब. दुसऱ्या पद्धतीत जे टिकतं तो टाका नसतोच, तो असतो व्रण. जखम झाली की तिथे फायब्रोब्लास्ट पेशी जमतात, कोलॅजनचे दोर विणायला लागतात. आधी घाईघाईचं, विस्कळीत विणकाम. मग काही महिन्यांत ते उसवून घट्ट, मजबूत दोर. गुडघा फुटला तर आपल्याला नको असलेला जो व्रण होतो, तोच इथे मोजून मापून, ठरल्या उंचीवर मुद्दाम करवून घेतलेला असतो. कोरियाची राजधानी सोल, तिथल्या क्लिनिकातून मुलगी जी नाजूक घडी घेऊन बाहेर पडते, तो शरीररचनेच्या भाषेत एक आज्ञाधारक व्रण आहे.

तो आज्ञाधारक राहिला नाही तर दुरुस्ती फार किचकट. फार वर चिकटला तर डोळा सतत दचकल्यासारखा दिसतो. सोडवावा तर मोकळी झालेली जागा पुन्हा तिथेच चिकटायला बघते. म्हणून मध्ये चरबी आणून बसवावी लागते. आधी काढलेला कापूस पुन्हा भरायचा! आणखी एक गंमत. ही शस्त्रक्रिया बहुधा जागेवरच्या भुलेखाली होते आणि मध्येच माणसाला डोळे उघडायला सांगतात, दोन्ही घड्या सारख्या आहेत का ते पाहायला. पण रक्तस्राव कमी व्हावा म्हणून भुलेच्या औषधात ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं. लिव्हेटरच्या मागे म्युलर नावाचा एक चिमुकला स्नायू असतो, तो ॲड्रिनलिनवर चालतो. त्यामुळे टेबलावर पापणी असायला हवी त्याहून किंचित वर उचललेली दिसते. अनुभवी सर्जन ही फसवणूक हिशेबात धरतो.

आता इतिहास, कारण इथे दुसरा गैरसमज आहे: हे सगळं गोऱ्यांसारखं दिसण्यासाठी चालतं. या शस्त्रक्रियेची पहिली नोंद १८९६ सालची, जपानमधली, मिकामो नावाच्या डॉक्टरची. त्याच्याकडे आलेल्या बाईच्या एका डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. त्याने दुसरा पहिल्यासारखा केला. नमुना तिचा स्वतःचाच डोळा.

कोरियातली कहाणी मात्र इतकी निरागस नाही. युद्ध थांबल्यावर १९५४ मध्ये अमेरिकन मरीन दलाबरोबर राल्फ मिलार्ड हा प्लास्टिक सर्जन तिथे गेला. त्याचं खरं नाव झालं ते दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि ती पद्धत त्याला कोरियातच सुचली. पण त्याने पापण्याही केल्या आणि १९५५ मध्ये त्यावर लिहिलं. त्यात एक कोरियन दुभाषा आहे. अमेरिकनांबरोबर काम करायचा. आपल्या बारीक डोळ्यांमुळे त्यांना आपल्या मनातलं कळत नाही आणि म्हणून ते आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, अशी त्याची तक्रार. अविश्वास समोरच्याच्या डोक्यात, आणि सुरी याच्या पापणीवर.

मिलार्ड हा हॅरल्ड गिलीजचा शिष्य. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांना गिलीजने पुन्हा चेहरे दिले. आणि चेहरा घडवण्याची ही विद्या युरोपात रुजली त्यात पुण्याचाही वाटा आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून नाक करून दिलं. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच नाक केलं. त्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

सोलमध्ये आज गंगनम भागात, अपगुजंग आणि सिनसा इथल्या रस्त्यांवर एकेका इमारतीत मजल्यावर मजले अशी क्लिनिकं आहेत. २०१५ च्या गॅलप कोरिया या संस्थेच्या पाहणीत १९ ते २९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ३१ टक्के जणींनी सौंदर्यासाठी काहीतरी शस्त्रक्रिया करून घेतल्याचं सांगितलं. नोव्हेंबरात तिथली 'सुनंग' ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते. ती आटोपली की क्लिनिकं परीक्षार्थींना सवलत जाहीर करतात, हॉल तिकीट दाखवलं की झालं. पापणी हे आईबापांनी मुलीला द्यायचं बक्षीस होऊन बसलं आहे.

हे नुसतं पोरकट नटणं म्हणून सोडून देता येत नाही. नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवायची तिथे जुनी पद्धत. पदव्या सगळ्यांकडे सारख्या असल्या की फोटो बोलतो. २०१७ मध्ये सरकारने सार्वजनिक संस्थांच्या भरतीत अर्जावरून फोटो, गाव, कॉलेज काढायला लावलं. २०१८ मध्ये 'कॉर्सेट (कंबर आवळणारी आतली चोळी) उतरवा' म्हणत मुलींनी मेकअपचं सामान फोडून त्याचे फोटो टाकले. 'मुसांग' म्हणजे बिनघडीचे डोळेही आता कौतुकाने पाहिले जातात. भाचीची लाडकी नटी किम गो-उन तशीच आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने आधी वादच घातला.

यातच 'ग्वानसांग' मिसळलं आहे, म्हणजे चेहऱ्यावरून नशीब सांगण्याची विद्या. अमुक आकाराचं नाक असेल तर पैसा टिकत नाही वगैरे. नशीब सुधारावं म्हणून नाक सुधारून घेणारे लोक तिथे आहेत. हसू नका, आपल्याकडचं सामुद्रिक याचंच चुलतभावंड. कपाळ पाहून सून पारखणारी मंडळी मी माझ्या घरात पाहिली आहेत. लिव्हेटरला मेंदूतून येणारी तिसरी नस हलवते, तिच्या वाटेत कुठेही नशीब लागत नाही. तीच गोष्ट क्रीमने किंवा मालिशने कायमची घडी पाडून देणाऱ्या जाहिरातींची. चिकटपट्टीने किंवा गोंदाने घडी पडते ती काढेपर्यंत. चरबी आणि पडदा होते तिथेच राहतात.

पापणीचं काम तुलनेने किरकोळ. जबड्याचं हाड तासून चेहरा निमुळता करणं तसं नाही. त्या हाडाच्या आतून खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस जाते आणि तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. २०१६ मध्ये सोलमध्ये अशाच शस्त्रक्रियेनंतर एका तरुण विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. रक्तस्राव होत असताना मुख्य डॉक्टर तिथे नव्हता, हे आईने कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हापुन्हा पाहून शोधलं. तिच्या लढ्यानंतर शस्त्रक्रियेच्या खोलीत कॅमेरा बसवणं सक्तीचं करणारा कायदा २०२१ मध्ये झाला, २०२३ पासून तो लागू आहे.

राहिला आत्मविश्वास. बदललेल्या अवयवाबद्दल बहुतेक लोक समाधानी असतात, हे अभ्यासांत दिसतं. स्वतःबद्दलचं एकूण मत तितकं हलत नाही. आणि स्वतःच्या चेहऱ्यातल्या बारीकशा दोषाने ज्यांना झोप लागत नाही, ज्यांना खरोखर तो मानसिक आजार आहे, ते शस्त्रक्रियेनंतर सहसा दुसरा दोष शोधतात. शिवाय आपण ओळखतो तो आपला चेहरा आरशातला, उलटा. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचे फोटो सुलटे आणि उलटे असे दाखवले. स्वतःला बहुतेकांनी उलटा पसंत केला, त्यांच्या मित्रमैत्रिणींनी सुलटा. सेल्फीत तर आणखी गोंधळ, फूटभर अंतरावरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं.

हे सगळं ऐकताना भाची मध्येच झोपायला गेली. सकाळी उशिरा उठली, आरशासमोर गेली आणि ओरडली, "मावशी, माझ्या उजव्या पापणीला आज दोन घड्या आहेत!" रात्री दोनपर्यंत मालिका पाहिली होती, पापणीत पाणी साठून सूज आली होती आणि नेहमीच्या टाक्याच्या वर एक जास्तीचा खळगा पडला होता. दुपारच्या जेवणापर्यंत तो भरून आला.