दोन्ही अकरा अक्षरी, पण आयएफएससी वेगळा आणि स्विफ्ट वेगळा

पासबुकाच्या पहिल्या पानावर देशातल्या व्यवहारांचा आयएफएससी कोड छापलेला असतो, परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड बहुधा नसतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकूंचा मुलगा म्युनिकला आहे. पैसे पाठवायचे म्हणून त्याने विचारलं, "आई, बँकेचा कोड पाठव." काकूंनी चष्मा लावून पासबुकावरचा कोड जसाच्या तसा पाठवला आणि तिकडच्या बँकेच्या फॉर्मने तो घेतलाच नाही. काकू पासबुक घेऊन वर आल्या. "अकरा अक्षरं चालतात म्हणाला ना तो? मोजून अकरा आहेत!"

मोजणी बरोबर होती. आयएफएससी नेहमी अकरा अक्षरांचाच असतो आणि स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा. शिवाय दोन्हींची पहिली चार अक्षरं बँकेची, आणि तीही बऱ्याचदा सारखीच. स्टेट बँकेची दोन्हीकडे 'एसबीआयएन', एचडीएफसीची दोन्हीकडे 'एचडीएफसी'. ओळखायचं ते पाचव्या जागेवरून. आयएफएससीत तिथे शून्य असतं (शून्य, इंग्रजी 'ओ' नव्हे, ही चूक भलेभले करतात). स्विफ्टमध्ये पाचवं आणि सहावं अक्षर देशाचं. भारताचं 'आयएन', जर्मनीचं 'डीई'.

म्हणून स्टेट बँकेचा स्विफ्ट कोड होतो 'एसबीआयएन-आयएन-बीबी'. पहिला 'आयएन' बँकेच्या नावातला, दुसरा भारताचा. काकूंना वाटलं मी चुकून दोनदा लिहिलं. त्यांनी एक खोडलाही होता. शेवटचा 'बीबी' मुंबईचा, जुन्या बॉम्बेची आठवण. त्यापुढे तीन अक्षरं असलीच तर ती शाखेची. तिथे 'एक्सएक्सएक्स' दिसलं तर मुख्य कार्यालय समजायचं. परदेशी व्यवहार बघणाऱ्या काही शाखांना स्वतःचा कोड असतो, बाकीच्यांचं काम बँकेच्या मुख्य कोडवर चालतं. थोडक्यात, स्विफ्टला मुंबई कळते, आमचा गोखले रोड कळत नाही. गोखले रोडवरची नेमकी शाखा सांगतात ती आयएफएससीची शेवटची सहा अक्षरं.

कारण दोघांची कामंच वेगळी. आयएफएससी रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेतला, देशातल्या देशात पैसे पाठवायच्या एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएससाठी. स्विफ्ट ही 1973 साली बेल्जियममध्ये उभी राहिलेली बँकांची सहकारी संस्था. आणि ती पैसे नेत नाही, निरोप नेते: अमुक खात्यात इतके जमा करा. पैशांचा हिशेब बँका एकमेकींकडच्या खात्यांतून मिटवतात. दोघींची थेट ओळख नसेल तर मध्ये तिसरी येते आणि आपलं शुल्क कापून घेते. पाठवले पाचशे युरो आणि आले थोडे कमी, तर शाखेतल्या माणसावर ओरडण्याआधी हे आठवावं.

मुलाच्या फॉर्ममध्ये आयबॅनचाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचाही, रकाना होता. जर्मनीत तो बावीस अक्षरांचा असतो, भारतात आयबॅन नाहीच. आपला साधा खाते क्रमांक द्यायचा.

खरी गंमत पुढे झाली. पुढच्या महिन्यात मुलाने बँक सोडून मोबाइलवरच्या एका ॲपने पैसे पाठवायचं ठरवलं, तर ॲपने चक्क आयएफएससी मागितला. काकू माझ्यावर वैतागल्या, "मागच्या वेळी मी तोच दिला होता!" पण ॲपही बरोबर होतं. अशा बऱ्याच सेवा परदेशात पैसे घेतात आणि इथल्या एखाद्या बँकेमार्फत देशांतर्गत मार्गाने खात्यात भरतात. शेवटचा टप्पा भारतातला, म्हणून कोडही भारतातला. काही परदेशी बँका स्विफ्टने पाठवतानाही खालच्या ओळीत आयएफएससी लिहायला सांगतात, म्हणजे पैसे मुंबईत उतरल्यावर शाखा शोधत बसायला नको. तेव्हा 'कुठला कोड देऊ' याआधी 'कशाने पाठवतोयस' हे विचारावं. मी तर दोन्ही पाठवतो, नावं लिहून.

छोट्या सहकारी बँकेत खातं असेल तर शाखेत जाऊनच विचारा. अनेकांकडे स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. पैसे दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत येतात आणि तिचा तपशीलही फॉर्ममध्ये भरावा लागतो. तसंच जुन्या पासबुकावर विसंबू नका. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि तिचे आयएफएससी 1 मार्च 2021 पासून बंद झाले. ज्यांच्या कपाटात ते पासबुक अजून आहे, त्यांना त्यावर छापलेला कोड आता उपयोगाचा नाही.

पैसे आल्यावर बँक 'कशासाठी आले' असंही विचारते. काकू घाबरल्या, चौकशी लागली की काय! तो फक्त उद्देशाचा कोड असतो. मुलाने आईला घरखर्चाला पाठवले, तर पी1301.