गंगेच्या पाण्यात किडे पडत नाहीत?

मे महिन्यात नागपुरात कूलरची टाकी आठवडाभर तशीच राहिली की त्यात बारीक अळ्या वळवळायला लागतात. ‘पाणी नासलं, किडे पडले,’ म्हणत आपण टाकी ओततो. त्याच घराच्या देवघरात काशीहून आणलेल्या गंगाजलाचा झाळलेला गडू वर्षानुवर्षं असतो. त्यात किडे पडत नाहीत, हा त्या पाण्याच्या पावित्र्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. दोन्ही समजुतींच्या मुळाशी चूक एकच: किडा पाण्यातून आपोआप निपजतो, ही. कूलरमधल्या अळ्या डासाच्या मादीने तिथे घातलेल्या अंड्यांतून निघतात. झाळलेल्या गडूत मादी शिरू शकत नाही, एवढंच. त्यात आपल्या नळाचं पाणी भरलं तरी अळी दिसणार नाही. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, असं ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅनकिन यांनी १८९६ मध्ये नोंदवलं होतं. पण तो जिवाणूंचा विषय झाला, अळ्यांशी त्याचा संबंध नाही.

उलट, गंगा ज्या हिमालयातून उतरते तिथल्या स्वच्छ ओढ्यांत जवळजवळ प्रत्येक दगडाखाली कोणती ना कोणती अळी असते. त्यातली एक तर अशी, की पाणी जितकं थंड, स्वच्छ आणि उधळलेलं तितकी ती खुशाल. ती एका चिलटाची अळी आहे. या चिलटांच्या कुलाला ब्लेफॅरिसेरिडी म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून जाळीपंखी चिलट म्हणू. नाव तसं का, ते पुढे येईल.

मोठं झालेलं चिलट लांब पायांच्या किरकोळ डासासारखं दिसतं. खरी नवलाई अळीत आहे. पूर्ण वाढलेली अळी साधारण ५ ते १० मिलिमीटरची. वरून पाहिलं तर सात मणी ओवल्यासारखी. पहिल्या मण्यात डोकं, छाती आणि पोटाचा पहिला भाग एकजीव झालेले असतात. अळी उलटी केली तर पहिल्या सहा मण्यांखाली मधोमध एकेक गोल चकती दिसते. हे तिचे चूषक. शाळेत जळवेचे दोन चूषक शिकलो होतो, इथे सहा आहेत. कडेला आकड्यांचे आखूड पाय असतात, पण प्रवाहाशी झुंज देतात ते हे चूषक. कीटकांमध्ये स्नायूंनी चालणारे असे चूषक दुसरीकडे कुठे माहीत नाहीत.

झुंज किती मोठी, याचा हिशेब करू. आल्प्स पर्वतातल्या ओढ्यांत लिपोन्यूरा सिनरॅसेन्स ही जात राहते. तिथे पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटरपर्यंत जातो. अळीचा प्रवाहाला भिडणारा भाग २ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर उंच धरा. वाहत्या पाण्याचा दाब म्हणजे घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं: ५०० गुणिले ९, म्हणजे ४,५०० पास्कल. त्याला ४ चौरस मिलिमीटरने गुणलं की ०.०१८ न्यूटन येतं, म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम वजनाइतका रेटा. अळी ५ मिलिग्रॅमची धरली तर हा रेटा तिच्या वजनाच्या ३६० पट झाला. शरीर चपटं आणि कडा निमुळत्या असल्यामुळे तो काहीसा घटतो, भोवरे आणि वाहत्या वाळूचे कण तो वाढवतात. खडकाला लागून पाण्याचा एक संथ थर असतो आणि अळ्या त्यात लपतात, असं पूर्वी मानलं जाई. पण एवढ्या वेगात तो थर अळीच्या उंचीपेक्षा फार पातळ असतो. लपायला तिथे जागा नाही, धरूनच राहावं लागतं.

आता धरण्याची कला. बाथरूमच्या टाइलवर चिकटवायचा रबरी हुक आठवा. दाबला की आतली हवा बाहेर जाते, सोडला की रबर पुन्हा फुगू पाहतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचं वातावरण त्याला भिंतीवर दाबून धरतं. दोन दिवसांनी तो पडतो. रबर सैलावतं आणि टाइलच्या बारीक खरबरीतून हवा झिरपून आत जाते. चिलटाच्या अळीने या दोन्ही अडचणींवर उपाय काढले आहेत.

चकतीच्या मध्यभागी एक कप्पा असतो आणि त्यात शंकूसारखा दट्ट्या. दट्ट्याला वरून जाड स्नायू जोडलेले. स्नायू आवळला की दट्ट्या वर उचलला जातो आणि कप्प्यातला दाब उतरतो. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढावा तसं. कप्प्यात हवा नसून पाणी असतं, ही गोष्ट फार मोलाची आहे. हवा पसरते, पाणी जवळजवळ पसरत नाही. त्यामुळे दट्ट्या केसभर हलला तरी दाब झपकन कोसळतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ५० पट चिकट, म्हणजे वाहायला जड, म्हणून फटीतून आत झिरपायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. रबरी हुक सैलावला की संपला, अळी मात्र स्नायू पुन्हा आवळून दाब कायम राखू शकते.

चकतीची कड इतकी लवचिक असते की खडकाच्या उंचवट्यांवर ती साच्यासारखी बसते. खालच्या बाजूला सूक्ष्म, ताठ काट्यांचं दाट रान असतं. काट्यांची टोकं चकतीच्या केंद्राकडे वळलेली, आणि खडकाला टेकतात ती फक्त टोकंच. प्रवाह अळीला आडवं ढकलू लागला की हे काटे खडकाच्या बारीक खाचांत अडकतात आणि कड आत घसरू देत नाहीत. म्हणजे उचलणाऱ्या ओढीला दाबाचा फरक उत्तर देतो आणि आडव्या रेट्याला घर्षण.

दाबाच्या जोरावर मिळणाऱ्या पकडीला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस मिलिमीटरला ०.१ न्यूटन. चकतीचा व्यास अर्धा मिलिमीटर धरला तर सहा चकत्यांचं मिळून क्षेत्रफळ जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. आत पूर्ण पोकळी झाली तरी पकड १२ ग्रॅमच्या आसपासच थांबेल. तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ७० टक्के उरतो, तिथे हीच मर्यादा साडेआठ ग्रॅमपर्यंत खाली येते. वर १० सेंटिमीटर पाणी असलं तर त्याने टक्काभर भर पडेल. केंब्रिज विद्यापीठात व्हिक्टर कांग, वॉल्टर फेडर्ले आणि सहकाऱ्यांनी अशा अळ्यांची पकड प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ती शरीराच्या वजनाच्या कित्येक शेकडो पट भरली. खरबरीत पृष्ठभागावर पकड घटते, पण जमिनीवर चढणाऱ्या कीटकांइतकी नाही. असं काही छापून आलं की लगेच ‘आता भिंतीवर चढणारे रोबो येणार’ अशा बातम्या होतात. पाण्यात घट्ट बसणारी चकतीची कड कोरड्या हवेत गळते, हे त्या बातम्यांत नसतं.

एवढं घट्ट धरलं की सोडायचं कसं? चकतीच्या पुढच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक खाच आहे. तिला स्वतंत्र स्नायू आहेत. ते ओढले की खाच उघडते, बाहेरचं पाणी आत घुसतं, दाब सारखा होतो आणि चकती सुटते. माझ्या मते दट्ट्यापेक्षाही या खाचेत जास्त हुशारी आहे, कारण सोडता न येणारी पकड चरणाऱ्या प्राण्याच्या काय कामाची? ही अळी खडकावरचे डायटम शेवाळ खरवडून खाते, तिला सतत जागा बदलावी लागते. धोका वाटला की ती पुढच्या तीन चकत्या सोडून अंग बाजूला वळवते, त्या टेकवते, मग मागच्या तीन सोडते. निम्मे चूषक कायम खडकावर.

चार अवस्था पार करून अळी कोष होते. कोष काळा, घुमटाकार, खडकाला चिकटलेला, आणि त्याला हलता येत नाही. चिलट पाण्याखालीच बाहेर पडतं. डासासारखं पंख वाळवत बसायला त्याला उसंत नाही, म्हणून कोषातच पंख पूर्ण वाढून घड्या घालून ठेवलेले असतात. पृष्ठभागावर आलं की ते जवळजवळ लगेच उडतं. पंखांवर घड्यांच्या बारीक रेषा मात्र आयुष्यभर राहतात. कपाटातून काढलेल्या साडीसारख्या. तीच ती जाळी.

हिमालयातल्या या चिलटांच्या एका प्रजातीचं नाव होरायिया आहे, प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्यावरून. खळाळत्या पाण्यातले प्राणी खडक कसे धरतात, यावर त्यांचा मोठा निबंध १९३० मध्ये आला. नागपूरकरांना त्यांची ओळख दुसऱ्या कारणानेही असायला हवी. पूर्वेकडचे डोंगरी मासे सातपुड्याच्या रांगेने पश्चिम घाटात पोचले, ही ‘सातपुडा परिकल्पना’ त्यांचीच. पुढे तिच्यावर बरेच आक्षेप आले, पण आपल्या उत्तरेच्या डोंगररांगेकडे माशांचा रस्ता म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली.

या चिलटाचं बिनसतं ते पाणी मंदावलं की. वरच्या अंगाला पाणी वळवलं की ओढा आटतो आणि न हलणारे कोष खडकावर वाळतात. रस्त्याच्या कामाची माती ओढ्यात आली की खडकावर गाळाचा थर बसतो आणि चकतीची कड टेकत नाही. सांडपाण्याने लांब तंतूंचं शेवाळ माजलं तरी तेच. शिवाय पाणी तापलं की प्राणवायू घटतो: १० अंशांना लिटरमध्ये ११ मिलिग्रॅमच्या वर मावतो, ३० अंशांना साडेसातच. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ हिल्सनहॉफ यांच्या १९८८ च्या मोजपट्टीत पाण्यातल्या कीटकांच्या कुलांना गुण दिले आहेत: शून्य म्हणजे प्रदूषण अजिबात न सोसणारं आणि १० म्हणजे सगळं सोसणारं. या कुलाला शून्य मिळतो. घाणीतल्या गाळात राहणाऱ्या लाल अळ्यांना आठ. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूत तगतात. तेव्हा ‘पाण्यात अळी आहे का’ याच्यापुढे जाऊन ‘कोणती अळी आहे’ हे विचारायला हवं.

उत्तराखंडात ट्रेकला जाणार असाल तर काठावरून हात पोचेल अशा, पातळ पाण्याचा पडदा वेगाने सरकणाऱ्या गुळगुळीत खडकावर पाहा. मुख्य धारेत उतरू नका. अळी बोटाने ओढू नका, डिवचली की ती आणखी घट्ट धरते आणि फाटते. थोडं थांबा, ती सैलावली की पातळ पत्ती एका झटक्यात खालून सरकवा. काचेच्या बशीत ओढ्याचंच पाणी घेऊन तिला ठेवा आणि दहापट भिंगाने बशीखालून पाहा, सहाही चकत्या दिसतील. पाणी हातात लगेच तापतं, म्हणून दोन-तीन मिनिटांत परत ठेवा. प्रवाहात टाकून देऊ नका, वाहून जाईल. ओल्या खडकावर पालथी ठेवून, चकत्या धरेपर्यंत वरून हाताचा आडोसा करा.