.२४३ की .३०८: कोयोटपासून एल्कपर्यंत एकच रायफल

अमेरिकेत पहिली शिकारी रायफल घेणाऱ्याला .२४३ विंचेस्टर आणि .३०८ विंचेस्टर ही काडतुसे जवळजवळ सारखीच वाटतात, आणि त्याला कारणही आहे. .३०८ हे १९५२ साली बाजारात आले आणि १९५५ साली त्याच्याच पुंगळीची (दारू भरलेल्या पितळी खोळीची) मान आवळून .२४३ तयार करण्यात आले. त्यामुळे दोन्हींचे बूड एकाच मापाचे असते आणि एकाच बनावटीची रायफल दोन्हींपैकी कोणत्याही काडतुसासाठी मिळते.

खरा फरक गोळीत आहे. .२४३ची गोळी सुमारे ६.२ मिलिमीटर जाडीची आणि बहुधा ५५ ते १०५ ग्रेन वजनाची असते, तर .३०८ची गोळी ७.८ मिलिमीटर जाड असून तिचे वजन साधारणपणे ११० ते १८० ग्रेन असते (१०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम). हलकी, पातळ कवचाची गोळी कोयोटसाठी (कोल्ह्यासारख्या अमेरिकी रानकुत्र्यासाठी) योग्य असते. मात्र हरणावर तीच वापरली तर ती आत खोलवर पोहोचण्याआधीच फुटण्याचा धोका असतो, म्हणून हरणासाठी ९५ ते १०० ग्रेनची मजबूत गोळी घ्यावी. अशा गोळीने .२४३ पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पूर्ण न्याय देते. शिवाय खांद्याला बसणारा तिचा धक्का .३०८च्या तुलनेत बराच सौम्य असल्यामुळे नवखा माणूस चाप ओढताना दचकत नाही आणि नेम सहसा चुकत नाही. या गुणाचे मोल कागदावरच्या आकड्यांपेक्षा जास्त आहे, असे मला वाटते.

प्रश्न एल्कचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या जातीच्या हरणाचा आहे. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्याही पुढे जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नियमांप्रमाणे एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची, फुलणारी (आत शिरल्यावर पसरणारी) गोळी लागते आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पौंड (ऊर्जेचे एकक) ऊर्जा असावी लागते; .२४३ ही अट पूर्ण करते. परंतु कायद्याची किमान मर्यादा आणि वाऱ्यात, तिरप्या उभ्या असलेल्या जनावराच्या खांद्याचे हाड भेदून फुप्फुसापर्यंत पोहोचण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहू नये, ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. म्हणून रायफल आपल्या शिकारीच्या यादीतल्या सर्वांत मोठ्या जनावराकडे पाहून निवडावी. त्यात एल्क असेल तर .३०८ घ्यावी आणि कोयोटसाठी तिच्यातच हलकी गोळी वापरावी. पांढऱ्या शेपटीच्या हरणापुढे जायचेच नसेल तर .२४३ अधिक सुखाची. मांसासाठी ससा किंवा खार मारायची असेल तर मात्र दोन्ही निरुपयोगी आहेत, कारण खाण्याजोगे फारसे काही उरत नाही, त्यासाठी लहान, कमी ताकदीच्या काडतुसाची .२२ रिमफायरच हवी.

घरात दोन्ही रायफली असतील तर काडतुसे वेगवेगळ्या पेट्यांत ठेवावीत आणि प्रत्येक वेळी पुंगळीच्या बुडावरचा ठसा नळीवर कोरलेल्या नावाशी ताडून मगच काडतूस भरावे.