यकृतातलं रक्त आणि रोबोचं मनगट

‘रोबोने केली यकृताची शस्त्रक्रिया’ असे मथळे हल्ली वरचेवर दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं की यंत्र आपलं आपण कामाला लागत असेल. तसं अजिबात नाही. अमेरिकेत २००० साली परवानगी मिळालेलं ‘दा विंची’ घ्या किंवा नंतर आलेली यंत्रं, सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलपुढे, म्हणजे यंत्र चालवायच्या जागेपुढे, बसलेला असतो. त्याच्या बोटांची हालचाल यंत्र लहान करतं, हाताची थरथर गाळतं आणि पोटातल्या अवजारांपर्यंत पोचवतं. निर्णय सगळे माणसाचे.

यंत्राची खरी देणगी म्हणजे मनगट. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अवजारं लांब आणि सरळ असतात. रोबोच्या अवजाराचं टोक पोटाच्या आत वळतं, त्यामुळे खोल, अडचणीच्या जागी टाका घालता येतो. यकृतात हे का महत्त्वाचं, ते रक्ताकडे पाहिल्यावर कळतं.

साधारण दीड किलोच्या या अवयवातून मिनिटाला दीड लिटरच्या आसपास रक्त वाहतं. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून येतं, उरलेलं धमनीतून. दोन्ही वाटा यकृताच्या दाराशी एकाच जुडग्यात असतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली दाखवलं, की हे जुडगं दाबून धरलं की आत येणारं रक्त थांबतं. आजही ‘प्रिंगल’ करतात. जुडग्याभोवती फीत टाकून आवळायची, बहुधा १५ मिनिटं, मग ५ मिनिटं सैल सोडायची, म्हणजे यकृताच्या पेशी तग धरतात.

पण प्रिंगल आवळल्यावरही रक्त येतं! ते यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांमधून. या शिरा पातळ भिंतीच्या, त्यांना झडपा नाहीत आणि त्या हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत उघडतात. टाकीत येणारा नळ बंद केला तरी खालचा पाइप तुंबला असेल तर पाणी उलटं चढतं, तसं महाशिरेतलं रक्त मागे येऊन कापलेल्या जागेतून वाहतं. म्हणून भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतो आणि शिरेतला दाब ५ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली ठेवायला बघतो. दुसरीकडे पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड १२ मिलिमीटरच्या आसपास दाबाने बाहेरून शिरेवर रेटा देतो. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त, म्हणून शीर गळायची कमी होते.

आता नवशिक्याचं काय होतं बघा. रक्त दिसलं की तो सक्शन जोरात लावायला सांगतो. सक्शन रक्ताबरोबर वायूही ओढतं, पोटातला दाब पडतो आणि रक्तस्राव उलट वाढतो. करायचं असतं ते वेगळं: कापडाचा बोळा ठेवून दाबायचं, थांबायचं, वायूचा दाब थोडा वाढवायचा आणि मग टाका. दाब वाढवण्यालाही मर्यादा आहे, कारण शिरेच्या भोकातून वायू आत शिरू शकतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात पटकन विरघळतो, म्हणून थोडा शिरला तर बहुधा निभावतं. मोठा बुडबुडा हृदयात गेला तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड एकदम घसरतो आणि ते आधी भूलतज्ज्ञाला दिसतं. म्हणजे हे काम एकट्या सर्जनचं नाहीच.

म्हणूनच ‘आमच्याकडे रोबो आहे’ या जाहिरातीने मी भुलत नाही. टीमने किती यकृतं हाताळली, हे विचारायला हवं. आणि जाहिरातीपेक्षा वाईट म्हणजे ‘कावीळ उतरवणं’. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीत धुतला की पाणी पिवळं होतं. ती रसायनाची क्रिया आहे, कावीळ नव्हे. गाठीने पित्तनलिका दाबल्यामुळे झालेली कावीळ असेल तर या खेळात गेलेले आठवडे फार महाग पडतात.

प्रशिक्षण सिम्युलेटरवर सुरू होतं, पुढे कृत्रिम ऊतींवर टाके. मग दोन कन्सोल जोडलेले असतात. शिकणारा एकावर, गुरू दुसऱ्यावर, आणि गरज पडली की गुरू अवजारांचा ताबा घेतो. बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श जाणवत नाही. दोरा किती ताणला, ऊतक किती पांढरं पडलं, यावरून जोर डोळ्यांनी ओळखावा लागतो. २०२४ साली परवानगी मिळालेल्या ‘दा विंची ५’ मध्ये काही अवजारांना जोराची जाणीव देण्याची सोय आली आहे, पण डोळ्याची सवय त्याने रद्द होत नाही.

कामंही टप्प्याटप्प्याने मिळतात. आधी पित्ताशय, मग यकृताच्या पुढच्या कडेवरच्या लहान गाठी, मग डावीकडचा सुटसुटीत भाग. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद कुइनो यांच्या नकाशात यकृताचे आठ भाग आहेत. त्यातले सातवा आणि आठवा सगळ्यात शेवटी येतात. ते बरगड्यांखाली वर-मागे दडलेले असतात आणि त्यांच्या मधून जाणारी उजवी यकृतशीर थेट महाशिरेत उघडते.