नजीर (पूर्वनिर्णय)

नजीर म्हणजे वरच्या कोर्टाने आधी दिलेला असा निकाल, ज्यातलं कायद्याचं तत्त्व पुढे तशाच प्रकरणात खालच्या कोर्टाला पाळावं लागतं. पुस्तकांत पूर्वनिर्णय किंवा पूर्वोदाहरण असं छापतात, पण नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात हे शब्द सहसा कोणाच्या तोंडी येत नाहीत, तिथे सरळ "रूलिंग" म्हणायचं नाहीतर "सायटेशन".

शब्द मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आलेला, अर्थ सारखा किंवा जोडीचा. जिल्हा कोर्टात समन्स, जप्ती बघणारा नाझर असतो तो वेगळा, पण दोन्ही शब्द "पाहणे" या एकाच अरबी धातूवरून आलेत, त्यामुळे नवीन पक्षकाराची गल्लत झाली तर त्याला फार हसू नये.

नजिरीची पद्धत इथली की इंग्रजांनी आणलेली, यावर दोन मतं आहेत. मराठा काळात गोतसभा (गावच्या वतनदारांची, भाऊबंदांची सभा) वतनाच्या भांडणाचा निवाडा करून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहून द्यायची आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवत, म्हणून काही जण त्यातच नजिरीचं बीज पाहतात. पण महजर त्या वतनापुरता आणि त्या घराण्यांपुरता, तिसऱ्याच गावच्या माणसाने तो दाखवून माझाही निकाल असाच करा म्हणण्यासाठी तो नव्हता, तो पुरावा होता, तत्त्व नव्हतं, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं. भोसल्यांच्या नागपुरात न्याय कसा चाले यासाठी बरेच जण रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) रिचर्ड जेंकिन्सच्या १८२७ च्या रिपोर्टकडे वळतात, आणि तो शेवटी एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेला. संस्थान खालसा झालं १८५४ मध्ये (राजा डिसेंबर १८५३ मध्ये वारला म्हणून कुठे कुठे १८५३ दिसतं), १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, ज्युडिशिअल कमिशनरचं कोर्ट आलं आणि हायकोर्ट मात्र ९ जानेवारी १९३६ ला.

नजीर चालायची तर निकाल छापला पाहिजे, आणि इथे नागपूरचा संबंध फार मोठा आहे. "ए.आय.आर." म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर हा छापील निकालांचा संग्रह नागपूरहून निघतो, व्ही. व्ही. चितळे यांनी सुरू केलेला. सुरुवात कधीची हा वाद नेहमीचा, काही ठिकाणी १९१४ तर काही ठिकाणी १९२२. सायटेशनमध्ये, म्हणजे निकाल कुठे छापलाय त्या संदर्भात, १९१४ पासूनचे खंड दिसतात हे खरं, पण खंडावरचं साल निकालांचं असतं, छापण्याचं असेलच असं नाही, आणि जुने निकाल मागाहून छापणं शक्य असतं, म्हणून संस्थेसाठी १९२२ धरणं बरं. गंमत अशी की १८७५ च्या लॉ रिपोर्ट्सच्या कायद्यात सरकारी रिपोर्टातलेच हायकोर्टाचे निकाल बंधनकारक धरा असं म्हटलं होतं, तरी वकिलांनी आणि न्यायाधीशांनी हा खाजगी रिपोर्टर उचलून धरला, कारण तो हाताशी असायचा. ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१ (साल, सुप्रीम कोर्ट, पान) म्हटलं की केशवानंद भारती, म्हणजे घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही असं सांगणारा निकाल, हे कोर्टात कोणालाही फोडून सांगावं लागत नाही.

बांधील असतं ते निकालामागचं कारण, कोण जिंकलं ते नाही. न्यायाधीशाने जाता जाता केलेलं मतप्रदर्शन बांधील नसतं. पानावर वर बारीक टाइपात हेडनोट (निकालाचा सारांश) असते ती संपादकाची, न्यायाधीशाची नाही, आणि ज्युनिअर वकील नेमकी तीच पिवळ्या मार्करने रंगवून झेरॉक्स पुढे करतो, मग न्यायाधीश साहेब विचारतात "पॅरा कितवा?" आणि पुढे शांतता. समोरच्या वकिलाचं ठरलेलं उत्तर, "फॅक्ट्स वेगळ्या आहेत साहेब."

सुप्रीम कोर्टाचा कायदा घटनेच्या कलम १४१ ने देशातल्या सगळ्या कोर्टांना बांधील. नागपूरच्या सत्र न्यायालयाला मुंबई हायकोर्टाच्या बाकीच्या खंडपीठांचे निकालही पाळावे लागतात, जबलपूरच्या मध्य प्रदेश हायकोर्टाचे मात्र नुसते विचारात घेण्यापुरते. सिंगल जज (एकटा बसणारा न्यायाधीश) दोन न्यायाधीशांच्या डिव्हिजन बेंचच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, बरोबरीच्या बेंचला पटलं नाही तर मोठ्या बेंचकडे पाठवायचं.

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर हायकोर्ट गेलं, त्याचा वारसा कायद्याने जबलपूरकडे आणि विदर्भ मुंबई हायकोर्टाकडे, म्हणजे "नाग." असं लिहिलेली जुनी रूलिंग्ज जबलपूरला घरची झाली आणि ज्या गावच्या नावाने छापलीत तिथेच त्यांचा दर्जा काय यावर युक्तिवाद करायची वेळ आली. पण ज्या जमिनींवर आणि वहिवाटींवर त्यातले बरेच निकाल उभे होते त्या विदर्भातच राहिल्या, तेव्हा निदान वजन तरी द्यायला हवं असं वाटतं.

नजीर मोडतेही. आणीबाणीत नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टांनी म्हटलं की स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात, सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असं उलटवलं, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले, आणि ते बहुमत चुकीचं होतं हे सुप्रीम कोर्टानेच म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडलं. उलट कधी फार वेळ लागत नाही. १९ जानेवारी २०२१ ला नागपूर खंडपीठात सिंगल जजने पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम ७ चा अर्थ असा लावला की कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेला त्वचा लागली नाही तर, त्या कलमात बसत नाही, आणि तीन वर्षांची शिक्षा एकावर आणली. २७ जानेवारीला सुप्रीम कोर्टाची स्थगिती, १८ नोव्हेंबरला निकालच रद्द, कारण कलमात महत्त्वाचा लैंगिक हेतू, कातडीचा स्पर्श नाही, आणि शब्दाला चिकटून कायद्याचा उद्देशच मारायचा नसतो. छापील खंडात तो जानेवारीचा निकाल अजून तसाच आहे, पण कोणी वाचायला घेतला की समोरचा वकील उठून एवढंच म्हणतो, "सेट असाइड झालाय साहेब."