लिव्हर कॅन्सरचा त्वचेतला फैलाव

लिव्हरमध्येच सुरू झालेला कॅन्सर, बहुतेक वेळा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा (लिव्हरच्या मुख्य पेशींचा कॅन्सर, पुढे एचसीसी), कातडीत किंवा तिच्या खालच्या चरबीत गाठ धरतो तो प्रकार. तसा दुर्मिळच, कारण एचसीसी लिव्हरबाहेर पडला तर आधी फुप्फुसं, लिम्फ नोड, हाडं नाहीतर अॅड्रिनल (किडनीवरची ग्रंथी) गाठतो, कातडीचा नंबर फार नंतर लागतो.

गाठ सहसा घट्ट, न दुखणारी, लालसर-निळसर असते. डोकं, चेहरा, छाती, खांदे इथल्या नोंदी जास्त. आत रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे जरा धक्का लागला तरी रक्त येतं आणि साधा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा (रक्तवाहिन्यांची, कॅन्सर नसलेली गाठ) समजून ती काढली जाते, मग बायोप्सी (पेशींचा तुकडा तपासणं) रिपोर्ट आला की खरा प्रकार कळतो. बेंबीतली गाठ (सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल) बहुतांशी जठर, आतडं, ओव्हरीच्या कॅन्सरची असते, लिव्हरची क्वचितच.

लिव्हरचा कॅन्सर कातडीपर्यंत पोचतो कसा, हा खरा वाद. रक्तातून म्हणावं तर वाटेत फुप्फुसं येतात, पण ती साफ असतानाही डोक्याकडे गाठ आलेल्या केसेस आहेत. त्यासाठी अॅनाटॉमिस्ट बॅटसननं १९४०ला दाखवलेल्या, मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्याचा आधार घेतात. पटण्यासारखं आहे, पण एकेका पेशंटमध्ये सिद्ध करणं अवघड. दुसरी वाट सुईची, बायोप्सी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं (रेडिओलहरींच्या उष्णतेनं) गाठ जाळताना सुईच्या मार्गात पेशी सांडतात. २००१ला बार्सिलोनाच्या गटानं अशा जाळण्यानंतर ३२ पैकी ४ जणांत हे नोंदवलं, त्यात लिव्हरच्या पृष्ठभागालगतच्या गाठी धोक्याच्या ठरल्या. बायोप्सीबद्दल २००८च्या एका एकत्रित विश्लेषणात प्रमाण साधारण २.७ टक्के आलं. मात्र यात पोटाच्या भिंतीतले स्नायूही धरलेत, नुसती कातडी नाही, म्हणून सुईवाल्या केसेस रक्तातून आलेल्यांच्या हिशेबात न मिसळलेल्या बऱ्या. सिरॉसिसच्या (लिव्हरवर व्रण पडून ते कडक झालेल्या) पेशंटमध्ये सीटी किंवा एमआरआयवर ठरावीक चित्र दिसलं की बायोप्सी टाळतात, त्यामागे सुईच्या मार्गात पेशी सांडण्याची भीती हेही एक कारण आहे.

निदानाला आर्जिनेज-१ आणि हेप पार १ ही स्टेनिंग (पेशी लिव्हरच्या आहेत का ते दाखवणारे रंग) उपयोगी पडतात, त्यातलं पहिलं जास्त भरवशाचं मानतात. उपचारांबाबत आधार मुख्यतः केस रिपोर्टचाच. सुईच्या मार्गातली एकटी गाठ कापून काढली तर बरेचदा निभावतं. रक्तातून पसरलेल्यात कातडीवरची गाठ रक्तस्राव थांबवायला काढतात किंवा रेडिएशनचा शेक देतात, आणि बाकी औषध लिव्हर किती चालतंय ते बघून ठरतं.