लिनॅकच्या दाराबाहेरचे न्यूट्रॉन: मोजणी का आणि कशी

तुमच्या विभागातले लिनॅक (कर्करोगावर क्ष-किरणांनी उपचार करणारे मशीन) फक्त 6 एमव्हीवर (मेगाव्होल्ट, बीमच्या ऊर्जेचे माप) चालत असेल, तर न्यूट्रॉनच्या मोजणीवर खर्च करू नका. तिची गरज नाही. 10 एमव्ही किंवा त्याहून जास्त ऊर्जा वापरत असाल, तर मात्र हे पत्रक शेवटपर्यंत वाचा.

मशीनच्या हेडमधले टार्गेट (जिथे क्ष-किरण तयार होतात), कॉलिमेटर आणि जॉज (बीमला आकार देणारे भाग) टंगस्टन, शिसे अशा जड धातूंचे असतात. क्ष-किरणांची ऊर्जा साधारण 7 एमईव्हीच्या (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट) वर गेली की ते या धातूंच्या अणुकेंद्रकांतून न्यूट्रॉन बाहेर काढू लागतात. 10 एमव्हीला ते थोडेच असतात, 15 आणि 18 एमव्हीला बरेच वाढतात.

खरी काळजी घ्यावी लागते ती कोबाल्टच्या (गॅमा किरणांनी उपचार करणाऱ्या यंत्राच्या) जुन्या खोलीत 15 एमव्हीचे मशीन बसवताना. कोबाल्टच्या 1.17 आणि 1.33 एमईव्हीच्या गॅमाला दारातले शिसे पुरत होते. न्यूट्रॉन शिशाला फारसे जुमानत नाहीत. त्यांना अडवायला हायड्रोजन लागतो, आणि तो काँक्रीटमधल्या पाण्यात आणि पॉलिथिनमध्ये असतो. त्यामुळे जाड काँक्रीटच्या भिंती सहसा पास होतात आणि घोळ दाराशी निघतो. मेझच्या (दाराकडे येणाऱ्या वळणाच्या वाटेच्या) भिंतींवर आपटत, मंद होत न्यूट्रॉन तिथवर पोचतात. दारात बोरॉनयुक्त पॉलिथिन हवे, आणि न्यूट्रॉन शोषले जाताना निघणाऱ्या गॅमासाठी बाहेरच्या बाजूला शिसेही हवे.

नेहमीचा गॅमा सर्व्हे मीटर न्यूट्रॉन दाखवत नाही. आम्ही रेम काउंटर आणतो: पॉलिथिनच्या जाड आवरणात बसवलेली न्यूट्रॉन मोजणारी नळी. दारापासून 30 सेंटिमीटरवर तो स्टुलावर ठेवतो, जॉज बंद करून घेतो आणि गॅन्ट्री (मशीनचा फिरणारा हात) चारही कोनांत फिरवून वाचन घेतो. कडीच्या बाजूची फट, दाराचा तळ आणि वरून जाणारा एसीचा डक्ट, इथे जास्त वेळ थांबतो. आकडा सारखा हलत असतो, म्हणून ठरावीक एमयू (मॉनिटर युनिट, मशीनने दिलेल्या बीमचे माप) देऊन एकूण डोस वाचतो.

उपचाराच्या खोलीत हा काउंटर भरवशाचा नाही. बीम काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांनी, सेकंदाला शेकडो वेळा येतो. प्रत्येक स्पंदात एवढी गर्दी होते की काउंटरला ती मोजता येत नाही आणि तो कमी आकडा दाखवतो. असा आकडा अहवालात गेला की कुणाला शंकाही येत नाही. म्हणून आत आम्ही सोन्याच्या पातळ चकत्या ठेवतो. न्यूट्रॉन शोषून त्यात सोने-198 तयार होते. त्याचे अर्धायुष्य 2.7 दिवस असल्याने 412 केईव्हीचा गॅमा नंतर प्रयोगशाळेत नीट मोजता येतो.

आता आकड्याचा अर्थ. समजा, बीम चालू असताना दाराशी ताशी 12 मायक्रोसीव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचे एकक) मिळाले. आठवड्याला 15 एमव्हीवर 60,000 एमयू, मिनिटाला 600 या दराने, म्हणजे बीम 100 मिनिटे चालला. डोस झाला आठवड्याला 20 मायक्रोसीव्हर्ट, 50 आठवड्यांचा 1 मिलिसीव्हर्ट. सामान्य नागरिकांसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) वार्षिक मर्यादा नेमकी एवढीच आहे, आणि यात गॅमा अजून धरलेला नाही. दाराबाहेर नातेवाइकांचे बाक असतील, तर ते आधी हलवा.

हिशेब रुग्णसंख्येवर करू नका, एमयूवर करा. आयएमआरटीला (बीमची तीव्रता जागोजागी बदलून देण्याच्या उपचारपद्धतीला) तेवढ्याच डोससाठी कितीतरी जास्त एमयू लागतात आणि न्यूट्रॉनही त्याच प्रमाणात वाढतात. शक्य असेल तिथे आयएमआरटी 6 एमव्हीवरच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोजणीसाठी आम्ही येण्याआधी खोलीचा मंजूर नकाशा, दारातल्या थरांचा तपशील आणि गेल्या तीन महिन्यांची ऊर्जेनुसार एमयूची नोंद काढून ठेवा. मोजणी रुग्णांची वेळ संपल्यावर होते. त्या वेळी आरएसओ (विकिरण सुरक्षा अधिकारी) हजर हवेत. काउंटरच्या कॅलिब्रेशनचा दाखला अहवालासोबत जोडलेला असतो.